कधी घेतलंच नाही त्या औषधापुढे ‘आर’ कसा? जीवाणूंच्या पंपांबद्दल

पेट्रीबशी, फोंडा

मी एका लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजीचं काम बघते. कल्चरचा रिपोर्ट हातात पडला की माणसं हमखास विचारतात, “ताई, हे औषध आम्ही जन्मात घेतलेलं नाही, मग त्याच्यापुढे ‘आर’ कसा?” (‘आर’ म्हणजे रेझिस्टंट, जीवाणू त्या औषधाला दाद देत नाही.) प्रश्न रास्त आहे, पण खिडकीपाशी मागे रांग असताना त्याचं धड उत्तर देता येत नाही. म्हणून हा धागा काढतेय. जरा लांबेल.

अँटिबायोटिकपासून वाचायचे जीवाणूचे मार्ग मोजकेच. औषधाचे तुकडे करणारं एन्झाइम बनवायचं, औषध जिथे चिकटतं ती जागा बदलायची, औषधाला आत येऊ द्यायचं नाही, किंवा आत आलेलं बाहेर फेकायचं. एन्झाइमांबद्दल लोकांनी ऐकलेलं असतं, एनडीएम-१चं नाव तर पेपरांतही गाजलं होतं. बाहेर फेकण्याच्या मार्गाबद्दल फारसं कोणी बोलत नाही, आणि वरच्या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा तिथेच असतं.

हे काम करतात पेशीच्या पटलात बसलेली प्रथिनं. त्यांना एफ्लक्स पंप म्हणतात. १९८० साली अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात स्टुअर्ट लेव्ही आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की टेट्रासायक्लिनला दाद न देणारे ई. कोलाय जीवाणू ते औषध मोडतोड न करता जसंच्या तसं बाहेर टाकतात. तो पंप टेट्रासायक्लिनपुरताच होता. पुढे सापडलेल्या पंपांपैकी बरेच मात्र एका औषधावर थांबणारे नव्हते.

त्यांतला सर्वांत नीट अभ्यासलेला म्हणजे ई. कोलायचा ॲक्रएबी-टोलसी. ई. कोलायला दोन पटलं असतात आणि हा पंप दोन्ही ओलांडतो. आतल्या पटलात ॲक्रबी, बाहेरच्या पटलातून आरपार जाणारी टोलसी नावाची नळी, आणि या दोघांना सांधणारं ॲक्रए. ॲक्रबीची रचना २००२ मध्ये जपानमधल्या ओसाका विद्यापीठाच्या मुराकामी-यामागुची गटाने उलगडली. २००६ मध्ये त्यांनी, आणि स्वतंत्रपणे युरोपातल्या एका गटाने, जे दाखवलं ते मला या विषयातलं सर्वांत देखणं वाटतं. ॲक्रबीचे तीन सारखे घटक एकत्र उभे असतात, पण काम चालू असताना तिघांची अवस्था वेगवेगळी असते. एक औषधाचा रेणू घ्यायला उघडलेला, दुसऱ्याने रेणू धरलेला, तिसरा तो टोलसीच्या दिशेने सोडून देत असलेला. मग पाळी फिरते. यासाठी लागणारी ताकद पटलाच्या दोन बाजूंच्या प्रोटॉनांच्या फरकातून मिळते. एक प्रोटॉन आत येतो आणि त्या जोरावर औषध बाहेर जातं.

रेणू धरायची जागा ऐसपैस आणि तेलकट आहे. एखादाच ठरावीक आकाराचा रेणू तिथे बसेल अशी तिची घडण नाही. पाण्यापेक्षा तेलाकडे ओढा असलेले नाना रेणू तिला चालतात. त्यामुळे टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल, एरिथ्रोमायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, कितीतरी पेनिसिलिनं अशी एकमेकांशी रासायनिक नातं नसलेली औषधं एकाच पंपाने बाहेर जातात.

आणि हा पंप काही आपल्या गोळ्यांसाठी तयार झालेला नाही. ई. कोलाय आतड्यात राहतो, तिथे पित्तक्षार असतात, आणि पित्तक्षार पटल विरघळवतात. त्यांना बाहेर काढणं हे याचं रोजचं काम. पेनिसिलिन सर्रास वापरात आलं १९४०च्या दशकात. पंप त्याच्या कितीतरी आधीचा.

आता मूळ प्रश्न. मधुमेही माणसाच्या पायाच्या जखमेत स्यूडोमोनास हा जीवाणू वारंवार सापडतो. त्याच्याकडे असे पंप अनेक आहेत. काही सतत चालू असतात, काही बंद पडून असतात. मेक्सईएफ-ओपीआरएन हा एरवी बंद असणारा. सिप्रोच्या माऱ्यात बाकीचे जीवाणू मरतात आणि कधीकधी नेमका असा एक उरतो ज्यात मेक्सटी नावाचा नियंत्रक जागा झालेला असतो. मेक्सटी हा पंप चालू करतो, म्हणजे सिप्रो बाहेर. त्याच वेळी तो बाहेरच्या पटलातली ओपीआरडी नावाची वाटही कमी करतो. आणि ओपीआरडी ही इमिपेनेम या कार्बापेनेम गटातल्या भारी औषधाची आत शिरायची मुख्य वाट! दिलं होतं सिप्रो, हातचं गेलं इमिपेनेम, जे त्या रुग्णाला कोणी टोचलेलंच नव्हतं.

मला लोकांना सांगायचंय ते एवढंच. एक अँटिबायोटिक उगाच घेतलं तर नुकसान त्या एकाच औषधाचं होतं हा समज चुकीचा आहे.

अर्थात प्रत्येक ‘आर’ पंपामुळेच असतो असं मी म्हणत नाही. तयार जनुकं प्लाझ्मिडवर (जीवाणू एकमेकांना देऊ शकतात अशा डीएनएच्या सुट्या कड्यावर) घेऊन आलेला जीवाणू दुसऱ्या कोणाकडून तुमच्यापर्यंत पोचलेला असू शकतो. आमच्या रोजच्या तपासणीत कारण कळत नाही. म्युलर-हिंटन आगार या जेलीसारख्या खाद्यावर जीवाणू पसरायचे, औषधाच्या चकत्या ठेवायच्या, दुसऱ्या दिवशी चकतीभोवतीचं मोकळं वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजायचं आणि एस (औषध चालेल), आय (मधलं) किंवा आर लिहायचं. वर्तुळ का लहान झालं ते वर्तुळ सांगत नाही.

दर्यावर्दी, बेतूल

ताई, छान लिहिलंय. एक शंका. होडीला खालून पाणी झिरपत असतं आणि आम्ही ते पंपाने उपसत असतो. झिरपणं थोडं असलं तर लहानसा पंपही होडी कोरडी ठेवतो. फळी उघडली तर मोठा पंपही पुरत नाही. जीवाणूचंही असंच गणित असतं का? की पंप जोरदार असला की बास?

पेट्रीबशी, फोंडा

दादा, अगदी हेच गणित. आत किती येतंय आणि बाहेर किती जातंय या दोन्हींवर आतलं औषध ठरतं. बाह्यपटल आणि पंप जोडीने काम करतात हे हिरोशी निकाइडो यांनी बर्कलीत वर्षानुवर्षं काम करून नीट मांडलं. स्यूडोमोनासचं बाह्यपटल ई. कोलायच्या मानाने फारच कमी झिरपतं. म्हणून त्याचे पंप इतके भारी पडतात, आणि म्हणून तो मुळातच पुष्कळ औषधांना दाद देत नाही.

नीला_साखळी

माझ्या बाबांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. पायाची जखम चिघळली की घरातली जुनी चिठ्ठी दाखवून फार्मसीतून सिप्रोच्या गोळ्या आणायच्या, सूज उतरली की उरलेल्या डब्यात, असं आमच्याकडे सरळ चालत आलंय. फार्मसीवाल्याने कधी तारीखही पाहिली नाही. आता पुवाच्या कल्चरमध्ये स्यूडोमोनास आलाय आणि अर्ध्याहून जास्त औषधांपुढे ‘आर’. वर लिहिलंय तसंच झालं असेल का? आणि आता करायचं काय?

डॉ_पेडणे

नीलाताई, नेमकं काय झालं ते रिपोर्टवरून कोणी सांगू शकणार नाही, पण वारंवार अर्धवट सिप्रो ही अशा जीवाणूंना वर काढणारी परिस्थिती आहे हे खरं. सिप्रो शेड्यूल एचमध्ये येतं, चिठ्ठीशिवाय द्यायचं नसतं. जुन्या चिठ्ठीवर पुन्हा पुन्हा देणं हेही त्यातच आलं.

आता करायचं ते असं. आधीचे सगळे रिपोर्ट तारखांसह आणि आजवर घेतलेल्या अँटिबायोटिकांची यादी घेऊन सर्जनकडे जा. डब्यातली एकही गोळी देऊ नका. मेलेलं मांस काढणं, पायावरचा भार कमी करणं, साखर आटोक्यात आणणं, पायाचा रक्तपुरवठा तपासणं, यांतलं काही राहून गेलं तर कुठलंही अँटिबायोटिक एकट्याने जखम भरत नाही. आणि जखमेवरून नुसता बोळा फिरवून केलेल्या कल्चरपेक्षा साफ केल्यावर आतून घेतलेल्या तुकड्याचं कल्चर जास्त भरवशाचं.

पेट्रीबशी, तुमच्या मूळ लेखाबद्दल मात्र थोडा मतभेद. आयसीयूत आम्हाला जेरीला आणतात ती एनडीएमसारखी एन्झाइमं. पंपामुळे वाढणारा प्रतिकार साधारण दोन-चार-आठ पटींचा. एन्झाइम त्याच्या कितीतरी पुढे जातं. पंपाला तुम्ही जरा जास्तच मान देताय असं वाटतं.

पेट्रीबशी, फोंडा

डॉक्टर, पटींचा आकडा मान्य. पण त्या चार पटींत काय घडतं ते बघा. सिप्रोला खरा कडक प्रतिकार येतो तो सिप्रो जिथे चिकटतं त्या जायरेझ या जीवाणूच्या एन्झाइमच्या जनुकात बदल झाल्यावर, आणि तो बदल व्हायला जीवाणू जिवंत राहून विभागत राहायला हवा. पंप त्याला तेवढी सवड देतो. २०१८ मध्ये ‘सायन्स’मध्ये एक काम आलं होतं. एकाच वाढीतल्या ई. कोलायच्या पेशींत ॲक्रएबीचं प्रमाण सारखं नसतं, काहींत जास्त, काहींत कमी. ज्यांत जास्त, त्यांत डीएनएतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या म्युटएसचं प्रमाण कमी दिसलं आणि उत्परिवर्तनाचा वेग जास्त. जे औषधातून तगतात त्यांच्यातच बदल लवकर होतात, याहून वाईट जोडी कोणती?

दुसरं, ॲसिनेटोबॅक्टर हा जीवाणू. कार्बापेनेमला दाद न देणारा ॲसिनेटोबॅक्टर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४च्या यादीत सर्वांत वरच्या गटात आहे. कार्बापेनेम तो मुख्यतः एन्झाइमांनी पचवतो, ते तुमचंच म्हणणं. पण शेवटच्या फळीतलं म्हणून टायगेसायक्लिन काढलं तर अडेएबीसी हा त्याचा पंप आड येतो. टायगेसायक्लिन मुद्दाम जुन्या टेट्रासायक्लिन-पंपांना चुकवण्यासाठी घडवलेलं औषध, आणि ॲक्रएबीच्या जातीच्या या मोठ्या पंपांनी तेही ओळखलं. २०२० मध्ये चीनमधून अशाच एका पंपाची जनुकं प्लाझ्मिडवर सापडल्याचं प्रसिद्ध झालं, टीमेक्ससीडी-टीओपीआरजे. या घराण्याचे मोठे पंप एरवी जीवाणूच्या स्वतःच्या गुणसूत्रावर असतात. ते प्लाझ्मिडवर चढून एका जातीतून दुसरीत जायला लागले याची मला मनापासून धास्ती वाटते.

डॉ_पेडणे

म्युटएसचा मुद्दा पटला. अर्धवट डोसबद्दल रुग्णांना सांगताना हे कारण मला उपयोगी पडेल. आयसीयूतला शत्रू क्रमांक एक मात्र मी एन्झाइमच म्हणेन.

ताळगांव_पठार

मी एमएस्सीला आहे, आमच्या प्रॅक्टिकलमध्ये पंप ‘पाहायला’ मिळाले ते सांगतो. इथिडियम ब्रोमाइड हा रंग पेशीत शिरून डीएनएला चिकटला की अतिनील प्रकाशात नारिंगी चमकतो, आणि बरेचसे पंप तो बाहेर टाकतात. आगारच्या बशांमध्ये रंगाचं प्रमाण चढतं ठेवायचं, प्रत्येक बशीवर मधून कडेकडे एकेका जीवाणूची रेघ ओढायची, रात्रभर ३७ अंशांवर ठेवायचं. सकाळी अंधाऱ्या खोलीत दिवा लावला तर कमी रंगाच्या बशीतच काही रेघा लखलखत होत्या आणि त्यांच्या शेजारची एक रेघ पूर्ण काळी. पुढच्या बशीतही काळी. बरीच पुढची बशी आली तेव्हा कुठे ती चमकू लागली. पंप जितका जोरात, तितकी रेघ जास्त रंगापर्यंत काळी राहते. महागडं यंत्र लागत नाही. रंग मात्र जपून हाताळायचा, तो आपल्याही डीएनएला चिकटतो. हातमोजे लागतातच आणि उरलेल्या बशा साध्या कचऱ्यात टाकायच्या नसतात.

यावरून अमुक एक पंप असं नाव सांगता येत नाही, तेवढं ध्यानात ठेवायचं.

पोफळी_प्रियोळ

देव बरें करूं, सगळ्यांचं वाचतोय. माझा प्रश्न कुळागराचा, म्हणजे पोफळीच्या बागेचा. कोळेरोगासाठी आम्ही पावसाच्या तोंडावर आणि मग उघडीप मिळेल तसा पोफळींवर बोर्डो मारतो. मोरचूद आणि चुना. पिढ्यानपिढ्या मारतोय. तांब्यामुळेही जीवाणू असे पंपवाले होतात असं कुठेतरी वाचलं. खरं आहे का? कुळागरातलं पाणी खाली व्हाळात जातं, म्हणून विचारतो.

पेट्रीबशी, फोंडा

काका, तांबं जीवाणूंना विषारीच, म्हणून तर बोर्डो चालतो. ई. कोलायकडे तांबं आणि चांदी बाहेर टाकणारा कससीबीए नावाचा पंप आहे आणि तो ॲक्रएबीच्याच घराण्यातला आहे. मात्र तो पंप धातूच उपसतो, अँटिबायोटिक नाही.

काळजीची गोष्ट निराळी आहे. तांब्यापासून वाचवणारं जनुक आणि अँटिबायोटिकपासून वाचवणारं जनुक एकाच प्लाझ्मिडवर बसलेलं असलं, तर तांब्यामुळे दोन्ही टिकून राहतात. डेन्मार्कमध्ये डुकरांच्या खाद्यात तांबं घालत. तिथल्या एंटेरोकॉकस जीवाणूंत तांबं बाहेर काढणाऱ्या पंपाचं जनुक आणि एरिथ्रोमायसिन, व्हँकोमायसिन यांच्या प्रतिकाराची जनुकं एकत्र सापडली. २००२ च्या सुमाराचं काम आहे ते.

यावरून बोर्डो बंद करा असं मी मुळीच म्हणणार नाही. कोळेरोगाने सगळं पीक गळून जातं, ते मी माहेरी पाहिलंय. मोरचुदाचं प्रमाण नेमकं ठेवावं, उरलेलं मिश्रण आणि पंपाची धुवण व्हाळात ओतू नये, इतकं मात्र करता येतं.

शंकर_म्हार्दोळ

मी हृदयासाठी रोज ॲस्पिरिन घेतो. ॲस्पिरिनने जीवाणूंचे पंप जागे होतात असं एका व्हॉट्सॲप मेसेजमध्ये आलंय. बंद करू का?

डॉ_पेडणे

काका, कृपा करून बंद करू नका. मेसेजमागे एक खरी गोष्ट आहे ती सांगतो. ॲस्पिरिन शरीरात गेल्यावर त्याचं सॅलिसिलेट होतं. सॅलिसिलेट ई. कोलायच्या मारआर नावाच्या नियंत्रकाला बाजूला करतं, मग मारए हे पंप वाढवणारं प्रथिन वाढतं आणि ॲक्रएबी-टोलसी जास्त बनतं. हे प्रयोगशाळेत, जीवाणू वाढवायच्या द्रवात भरपूर सॅलिसिलेट घालून दिसलेलं आहे. हृदयाच्या रुग्णाची छोटी गोळी चुकवण्याचं ते कारण होत नाही. स्टेंट असलेल्याने ॲस्पिरिन एकाएकी सोडली तर जिवावर बेतू शकतं. तो मेसेज पुढे पाठवू नका.

वेर्णा_क्यूसी

औषध कंपनीत गुणवत्ता तपासणीचं काम करतो. आमच्यात नेहमी निघणारा प्रश्न मांडतो. पंपच बंद करणारं औषध सोबत दिलं तर जुनी अँटिबायोटिकं पुन्हा चालतील, मग तसं औषध बाजारात का नाही?

पेट्रीबशी, फोंडा

प्रयत्न पुष्कळ झालेत. पीएबीएन नावाचा रेणू २००१ पासून प्रयोगशाळांत वापरतात, स्यूडोमोनासचे पंप तो अडवतो. माणसांसाठी मात्र तो विषारी ठरला. असं एकही पंपरोधक आजवर रुग्णांच्या उपचारासाठी मंजूर झालेलं नाही. एक अडचण अशी की जीवाणूकडे एकाहून जास्त पंप असतात, एक अडवला तर दुसरा काम उचलतो. शिवाय रोधक आणि अँटिबायोटिक, दोन्ही एकाच वेळी पुरेशा प्रमाणात जखमेत पोचावी लागतात.

वनस्पतींनी मात्र ही युक्ती केलेली आहे, आणि ते वाचून मला फार आनंद झाला होता. दारुहळदीच्या कुळातल्या झाडांत बर्बेरिन असतं. एकट्या बर्बेरिनचा स्टॅफिलोकॉकस या जीवाणूवर फारसा जोर चालत नाही, कारण नॉरए हा पंप ते बाहेर टाकतो. २००० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की त्याच कुळातली झाडं बर्बेरिनच्या जोडीला पाच-मेथॉक्सीहायड्नोकार्पिन हा दुसरा रेणू बनवतात. त्याच्यात स्वतःची मारक शक्ती नाही, पण तो नॉरए अडवतो आणि मग बर्बेरिन काम करतं. हाच रेणू आधी चालमोगरा तेलात अल्प प्रमाणात सापडलेला होता. चालमोगरा म्हणजे आपल्या कडू कवठीच्या जातीच्या झाडांच्या बियांचं, कुष्ठरोगावर एकेकाळी वापरात असलेलं तेल.

याचा अर्थ जखमेवर काढा ओता किंवा गोळ्यांबरोबर दारुहळद घ्या असा कोणी काढू नये. शुद्ध रेणू बशीत काम करणं आणि औषध माणसात काम करणं यांत फार अंतर आहे.

वाळपईकर

घरात टीबीचा रुग्ण आहे, औषधांना दाद न देणारा. नवीन सहा महिन्यांच्या कोर्समध्ये बेडाक्विलिन आहे. टीबीच्या जंतूलाही असे पंप असतात का?

डॉ_पेडणे

असतात. बेडाक्विलिनच्या बाबतीत तर पंप हाच मोठा प्रश्न आहे. टीबीच्या जंतूत एमएमपीएल-५ नावाचा पंप असतो आणि आरव्ही ०६७८ हे जनुक त्याला आवरून धरणारं प्रथिन बनवतं. त्या जनुकात बिघाड झाला की पंप वाढतो आणि बेडाक्विलिन बाहेर जाऊ लागतं. त्याच पंपाने क्लोफॅझिमिनही बाहेर जातं, म्हणून एका औषधाच्या वापरात आलेला बिघाड दुसऱ्यालाही नडतो. बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन असा हा कोर्स आपल्याकडे केंद्र सरकारने २०२४ मध्ये मंजूर केला. गोळ्या मध्येच बंद होऊ देऊ नका. हातापायांना मुंग्या आल्या, नजर अंधुक झाली किंवा चक्कर येऊन छातीत धडधडलं तर त्याच दिवशी केंद्रावर कळवा. डोस स्वतः कमी करू नका. आणि रुग्णाने पूर्वी कधी, टीबीसाठी किंवा कुष्ठरोगाच्या उपचारात, क्लोफॅझिमिन घेतलं असेल तर ते टीबी केंद्रातल्या डॉक्टरांना आवर्जून सांगा.